नळाचे पाणी, हंड्याचे माप

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



एखाद्याने घरच्या लग्नात वारेमाप खर्च केला, की आपण म्हणतो, 'पैसा अगदी पाण्यासारखा ओतला.' हा वाक्प्रचार ज्याने रूढ केला, त्याच्या दाराशी बहुधा नदी असावी आणि पाणी भरणारे माणूस दुसरेच असावे. कारण ज्या बाईने घाटाच्या पायऱ्या चढून हंडा घरी आणला, तिच्या तोंडून हे शब्द येणे अवघड आहे.

आजचा माझा विषय आहे घरातल्या पाण्याची आणि ऊर्जेची बचत. हा विषय अलीकडे फार बोलला जातो. मी तो थोडा इतिहासाच्या अंगाने मांडणार आहे आणि तोही आपल्या नाशिकच्या संदर्भात. जुने घर पाणी आणि जळण इतके जपून कसे वापरत होते, ती सवय सुटली कशी आणि ती परत आणायची तर कोणत्या वाटेने, एवढे तीनच प्रश्न.

आधी पावसाकडे पाहू. आपल्या जिल्ह्यात इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पन्नासएक किलोमीटर अलीकडे नाशिक शहरात तो ७०० च्या आसपास येतो. आणखी पूर्वेला येवला-नांदगावकडे गेलात तर त्याहूनही कमी. आणि हा सगळा पाऊस चार महिन्यांत. उरलेले आठ महिने साठवणीवर काढायचे. गोदावरीच्या काठी राहणाऱ्यालाही हे ठाऊक होते. उन्हाळ्यात नदीची धार बारीक होते आणि आडाचा दोर लांबवावा लागतो, हे तो दरवर्षी पाहत होता.

जुन्या नाशकातले वाडे याच हवामानाला धरून बांधलेले आहेत. सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. गोदेला पूर आला की पाणी सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला लागले यावरून आपण पुराची उंची सांगतो. पण त्या पायऱ्या चढून आत गेले, की आणखी एक गोष्ट कळते. बाहेर रणरणते ऊन असले तरी आत गारवा असतो. काळ्या दगडाचे जोते, सागवानी खांब-तुळया, विटांच्या आणि पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती. अशा भिंतीतून दुपारचे ऊन आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर बाहेरची हवा निवलेली असते. मधल्या चौकातून तापलेली हवा वर निघून जाते आणि रात्रीची थंड हवा खाली उतरून माजघरापर्यंत पोचते. पंखा नाही, वीज नाही, तरी घर राहण्याजोगे.

अशाच एका वाड्यात माझे बालपण गेले. चौकात आड होता, त्यावर रहाट, शेजारी दगडी डोण. सहा बिऱ्हाडे एकाच आडावर. पाणी घरात आले, की त्याचा प्रवास ठरलेला. पिण्याचे पाणी माठात, वापरायचे रांजणात. तांदूळ-डाळी धुतलेले पाणी तुळशीला किंवा गुरांच्या आंबोणात. न्हाणीचे पाणी पन्हाळीतून मागच्या परसात, तिथे अळू, केळ आणि कर्दळ लावलेली. आज सांडपाण्याच्या पुनर्वापराचे जे आराखडे आखले जातात, त्यांत कर्दळीचा वाफा असतोच. आमच्या परसात तो कुणी आराखडा न आखता होता.

विस्तवाचेही तसेच. चुलीला बाजूला एक वैल असे. मुख्य तोंडावर भाकरी, वैलावर आमटी किंवा दूध. वैलाला वेगळे लाकूड लागत नसे, चुलीतून निसटणारी धग तिथे कामी येई. भाकरी तव्यावर शेकून मग निखाऱ्यांच्या आहारावर फुगवायची. विझलेल्या चुलीची राख भांडी घासायला. अंघोळीचे पाणी तापवायला तांब्याचा बंब. त्याच्या पोटात मधोमध नळी, नळीत चार ढलप्या, आणि आगीभोवती सगळीकडून पाणी. उष्णता वाया जायला जागाच कमी. नाशकात तांबट आळी होती, भांडी बाजार होता. तिथला तांबट हे सारे हाताच्या अंदाजाने जाणत होता.

घराबाहेर शेतातही पाण्याचा असाच हिशेब होता. आपल्या जिल्ह्यात बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर, पलीकडे धुळे जिल्ह्यात पांझरेवर, फड पद्धत काही शतके चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे पाणी पाहून सगळ्यांनी मिळून ठरवायचे. पाणी वाटायला पाटकरी नेमलेला. पाणी कमी तर सगळ्यांनाच कमी. म्हणजे आधी साठा मोजायचा आणि मग खर्च ठरवायचा, ही रीत आपल्या मातीतली आहे.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, की हा मनुष्य आता जुन्या काळाचे गोडवे गाणार. तसे नाही. त्या काटकसरीची किंमत कोण मोजत होते, हे सांगितल्याशिवाय तिचे कौतुक करणे बरे नव्हे.

साधा हिशेब करू. हंडा १५ लिटरचा धरा. पाच माणसांच्या घराला दिवसाला २०० लिटर पाणी लागले, तर तेरा-चौदा खेपा झाल्या. म्हणजे दर सकाळी २०० किलो वजन बाईने आडातून ओढायचे आणि कमरेवर-डोक्यावर वाहायचे. माझी आई चाळिशीतच कंबर धरून उठत असे. पाणी जपून वापरा असे आम्हा मुलांना कुणी शिकवले नव्हते. रांजण रिकामा झाला तर तो पुन्हा कोण भरणार हे दिसत होते, म्हणून हात आपोआप आखडत होता. चुलीचेही तेच. तिचा धूर जिच्या छातीत गेला, तिचा खोकला घराने ऐकला, पण हिशेबात धरला नाही. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आणि ज्यांना आडाच्या काठावर उभे राहण्याचीही मुभा नव्हती, त्यांचे काय? कुणी वरून पाणी ओतेपर्यंत त्यांना ताटकळत थांबावे लागे. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क आहे हे सांगण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. आपल्या नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तोही अशाच बंद दारांविरुद्ध. त्या वस्त्यांतल्या घरांनी पाणी कमी वापरले, त्याला आपण काटकसर म्हणायचे का? ती लादलेली टंचाई होती. नळ आला तेव्हा त्याने या दोन्ही ओझ्यांतून कितीतरी माणसांना सोडवले. म्हणून नळाला आणि विजेच्या बटणाला नावे ठेवण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही.

मग बिघडले कुठे? नळ आणि बटण आले, आणि पाण्या-विस्तवाची किंमत घरातून दिसेनाशी झाली.

नाशिकची नगरपालिका १८६४ सालची. १९०१ च्या जनगणनेत शहराची वस्ती एकवीस हजारांच्या घरात होती. १९८२ मध्ये महापालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत आकडा गेला १४ लाख ८६ हजारांवर. एकशे दहा वर्षांत सुमारे सत्तर पट. गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. मूळ साठवण सात टीएमसीहून अधिक होती, गाळ साचून ती आता साडेपाचच्या आसपास धरली जाते. म्हणजे रांजण लहान होत गेला आणि पंगत वाढत गेली. शेजारीच एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाले. कोळसा रेल्वेने दुरून येणार, पाणी गोदावरीच्या खोऱ्यातले, आणि वीज तारेतून आपल्या घरी.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती बिलावर छापलेली नसते. औष्णिक वीज तयार करायला वाफ लागते, आणि ती वाफ थंड करायला पुन्हा पाणी लागते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या वीज केंद्रांना पाणीवापराची मर्यादा घालून दिली. तिचा घरगुती भाषेत अर्थ असा, की एका युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी नको. ही मर्यादा धरून हिशेब केला, तर महिन्याला ३०० युनिट औष्णिक वीज जाळणाऱ्या घरामागे हजारएक लिटर पाणी, म्हणजे सत्तर हंडे, वीज केंद्रातच खर्ची पडते. उलट बाजूने पाहा. धरणातले पाणी उपसायला, शुद्ध करायला आणि सोसायटीच्या गच्चीवर चढवायला वीज लागते. दिवा विनाकारण जळला तर पाणी जाते, आणि नळ विनाकारण वाहिला तर वीज जाते. चूल आणि रांजण एकाच स्वयंपाकघरात होते, ते अजूनही एकाच घरात आहेत. फक्त मधली भिंत लांब गेली आहे.

या विस्मरणाला अधूनमधून धक्के बसले. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षे आठवा. वीज कधी जाणार याचे वेळापत्रक कपाटावर चिकटवलेले असे, आणि गिरणी, इस्त्री, पाण्याची मोटर, मुलांचा अभ्यास, सगळे त्या वेळापत्रकावर चाले. वीज सुरळीत झाली आणि आपण ते वेळापत्रक फाडून टाकले. एप्रिल २०१६ मध्ये रामकुंड कोरडे पडले. पाडव्याच्या स्नानासाठी त्यात टँकरने पाणी आणून ओतावे लागले. पाऊस आला आणि तेही आपण विसरलो. २०१५, २०१८ आणि २०२३ मध्ये आपल्या वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडले गेले, तेव्हा नाशकात केवढी नाराजी झाली. ती नाराजी मी समजू शकतो. पण खाली मराठवाड्यात पाण्याची वाट पाहणारा शेतकरी आपल्या नळाकडे पाहून काय म्हणत असेल, हेही एकदा मनात आणून पाहावे.

आता तिसरा प्रश्न. सवय परत आणायची कशी? माझे उत्तर असे, की नळ ठेवावा, पण माप हंड्याचे ठेवावे.

शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे आपल्याकडे धरले जाणारे प्रमाण आहे. पाच माणसांचे ६७५ लिटर, म्हणजे ४५ हंडे. हे डोक्यावर आणायचे असते, तर आपण आधी कुठे हात आखडला असता? संडासापासून सुरुवात करू. जुन्या पद्धतीची टाकी एका वेळेला बाराएक लिटर पाणी सोडते. पाच माणसांनी दिवसात वीस वेळा ती ओढली, तर २४० लिटर, म्हणजे सोळा हंडे. दोन बटणांची टाकी बसवली, एक तीन लिटरचे आणि एक सहाचे, तर तेच काम पाच-सहा हंड्यांत होते. साधा शॉवर मिनिटाला दहाएक लिटर पाणी टाकतो. दहा मिनिटे त्याखाली उभे राहिले की सहा-सात हंडे गेले. बादलीच्या अंघोळीला दीड हंडा पुरतो. पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र एका लिटरमागे साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकते. ते पाणी फरशी पुसायला, संडास धुवायला चालते. क्षारयुक्त असल्याने झाडांना मात्र रोज घालू नये.

आणि छपरावरचा पाऊस? १०० चौरस मीटरच्या गच्चीवर नाशिकच्या पावसात वर्षाला ७० हजार लिटर पाणी पडते. वीस टक्के वाया गेले असे धरले तरी ५६ हजार उरते, म्हणजे ३७०० हून अधिक हंडे. हे सगळे साठवायला बंगल्यातही जागा नसते. पण पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे, पुढचे वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत किंवा विंधन विहिरीच्या शेजारच्या शोषखड्ड्यात उतरवावे. जमीन हाच मोठा रांजण आहे.

विजेचा हिशेबही असाच करता येतो. एक बादली पाणी अंघोळीपुरते तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. तेच काम गच्चीवरचा सौरबंब फुकट करतो. पाहा, मराठीने त्या यंत्राला नावसुद्धा जुनेच दिले. १०० लिटरचा सौरबंब स्वच्छ उन्हाच्या दिवशी तीन-साडेतीन युनिट वाचवतो. जुना छताचा पंखा ७५ वॅटचा, नव्या बीएलडीसी मोटरचा तीसेक वॅटचा. असे तीन पंखे बारा तास चालले, तर रोज दीड युनिटाहून अधिक फरक पडतो. साठ वॅटच्या पिवळ्या दिव्याचे काम नऊ वॅटचा एलईडी करतो. हा दिवा २०१४ मध्ये महाग होता. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत सरकारने एकगठ्ठा खरेदी केली आणि दोनएक वर्षांत किंमत कितीतरी खाली आली. बचतीचे साधन सगळ्यांना परवडायला कधी कधी फडासारखे एकत्र यावे लागते, त्याचा हा दाखला.

छतावर सौर पॅनेल बसवण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदानाची त्यात तरतूद आहे. जरूर विचार करावा. पण क्रम चुकू नये. आधी घर तापू देऊ नये. वरच्या मजल्याच्या स्लॅबला पांढरा चुना किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, पश्चिमेच्या खिडकीला छज्जा किंवा वाळ्याचा पडदा, अंगणात एखादे झाड. मग खर्च कमी करावा. आणि उरलेल्या गरजेपुरते पॅनेल बसवावे. गळक्या रांजणाखाली दुसरा रांजण मांडण्यात शहाणपण नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी लागेल. जुन्या घराची काटकसर एकाच पाठीवर उभी होती. नव्या काटकसरीत तेच व्हायला नको. आरओचे पाणी बादलीत धरणे, टाकी भरली का पाहणे, ओला-सुका कचरा वेगळा करणे, ही सगळी कामे गुपचूप गृहिणीच्या किंवा कामाला येणाऱ्या बाईच्या माथी मारली, तर आपण काही शिकलो नाही. टाकी, गाळणी, सौरबंब ही कामे यंत्राने आणि घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यावीत.

आणि शेवटचे. गंगापूर धरणात येणारे पाणी त्र्यंबकच्या डोंगरातले. त्याच त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा तालुक्यांतल्या कितीतरी पाड्यांवर चैत्र-वैशाखात बायका अजून दरीत उतरून पाणी आणतात. ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने गावातल्या माणसासाठी रोज ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवले. शहरात आपले प्रमाण १३५. ज्यांच्या डोंगरावरचा पाऊस आपल्या नळाला येतो, त्यांच्याच डोक्यावर हंडा अजून आहे. आपण घरात दहा हंडे वाचवले म्हणून ते पाणी उद्या तिथे पोचेल, असे मी म्हणणार नाही. त्यासाठी योजना लागतात, पैसा लागतो आणि राज्यकर्त्यांवर लोकांचा रेटाही लागतो. पण ज्या शहराने स्वतःचे पाणी मोजलेले नाही, ते शहर हा रेटा कोणत्या तोंडाने लावणार?

तेव्हा या महिन्याचे विजेचे बिल आणि पाण्याच्या मीटरचा आकडा घरातल्या सगळ्यांनी बसून एकदा वाचा. लिटरला पंधराने भागा. येणाऱ्या आकड्याइतक्या खेपा कुणीतरी घातल्या असत्या, एवढे मुलांना सांगा. पुढचे मुले आपणहून विचारतील.